ट्रेडमार्क सर्टिफिकेटवर मालकाचं नाव चुकलंय? नोंदणीनंतरची दुरुस्ती, सोप्यापासून अवघडापर्यंत

सर्टिफिकेट आलं की लोक ते लॅमिनेट करून ऑफिसच्या भिंतीवर लावतात आणि विसरून जातात. पाच-सात वर्षांनी बँक, गुंतवणूकदार किंवा समोरच्या पक्षाचा वकील विचारतो, "यावर नाव कुणाचं आहे?" आणि धावपळ सुरू होते. ट्रेडमार्कच्या कागदांचं काम मी रोज करतो. मालकाच्या नावाचा घोळ माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की तपासणीचा एक क्रमच बसून गेला आहे. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग स्वस्त, मग खर्चिक. खालचं सगळं भारतातल्या नोंदणीपुरतं आहे, म्हणजे ट्रेडमार्क कायदा १९९९ आणि २०१७चे नियम.

लक्षणं

घोळ आपणहून कधीच समोर येत नाही, कुठल्या तरी दुसऱ्या कामात अडथळा म्हणून येतो. माझ्याकडे आलेल्यांनी सांगितलेली लक्षणं साधारण अशी असतात:

- ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी ब्रँडची नोंद करायला गेलो. सर्टिफिकेटवरचा मालक आणि विक्रेता वेगळे आहेत म्हणून अर्ज परत आला.
- नकली माल विकणाऱ्याला नोटीस पाठवली, तर उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात "तुमचे अशील नोंदणीकृत मालक नाहीत" असं लिहून आलं.
- कंपनीत पैसे घालणाऱ्याने कागद तपासले आणि ब्रँड कंपनीचा नसून एका संचालकाच्या वैयक्तिक नावावर आहे हे निघालं.
- माद्रिद पद्धतीने, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने, परदेशात अर्ज करायचा होता. तिथे अर्जदार आणि इथल्या मूळ नोंदीचा मालक एकच असावा लागतो, आणि नाव जुळेना.
- वडील वारले, भागीदार निवृत्त झाला, फर्मची कंपनी झाली. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या नोंदवहीत मात्र जुनीच नावं.
- नूतनीकरणाचा फॉर्म भरताना लक्षात आलं की नावातलं एक अक्षरच वेगळं आहे.

यातल्या शेवटच्या लक्षणाला लोक सर्वांत जास्त घाबरतात, आणि ते सर्वांत सोपं असतं. तिसऱ्याकडे मात्र "आपल्याच घरातलं आहे, बघू नंतर" म्हणून दुर्लक्ष होतं. नुकसान तिथेच होतं.

एकसारखे दिसणारे तीन बिघाड

कागदावर तिन्ही वेळा एकच गोष्ट दिसते: नाव जुळत नाही. पण आतली कारणं वेगळी असतात.

पहिला प्रकार, मालक बरोबर आहे पण त्याचं नाव चुकीचं लिहिलं गेलं. दुसरा, नोंदणीच्या वेळी मालक बरोबर होता, नंतर तो बदलला आणि नोंदवहीत ते कुणी लिहिलं नाही. तिसरा, अर्ज केला त्या दिवशीच भलत्याचं नाव मालक म्हणून लिहिलं गेलं.

पहिल्याला दुरुस्ती लागते, दुसऱ्याला हस्तांतरणाची नोंद लागते. तिसऱ्याला यातलं काहीच सरळ लागू पडत नाही. फॉर्म भरण्याआधी आपला बिघाड यातला कुठला हे ठरवणं, एवढ्यासाठीच खालच्या पहिल्या चार तपासण्या आहेत. त्या चारही घरबसल्या होतात आणि एक रुपयाही लागत नाही.

तपासणी १: मूळ अर्ज उघडा

सर्टिफिकेट बाजूला ठेवा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकला की त्या मार्काची सद्यस्थिती दिसते आणि दाखल केलेले कागदही तिथेच उघडतात. त्यातला पहिला कागद म्हणजे मूळ अर्ज, टीएम-ए. २०१७च्या आधीचा असेल तर फॉर्मचं नाव वेगळं असेल. त्यातलं अर्जदाराचं नाव, सर्टिफिकेटवरचं नाव आणि नोंदवहीत आज दिसणारं नाव ही तिन्ही एका कागदावर एकाखाली एक लिहून काढा. डोळ्यांनी नुसतं वाचू नका. "एंटरप्रायजेस" आणि "एंटरप्राइज" यांतला फरक लिहिल्याशिवाय दिसत नाही.

चूक कोणाची हे इथेच ठरतं. अर्जात नाव बरोबर आणि सर्टिफिकेटवर चूक असेल तर चूक कार्यालयाची. कारकुनी किंवा उघड दिसणारी चूक नोंदवहीत आणि सर्टिफिकेटवर दुरुस्त करण्याचा अधिकार कलम २३च्या पोटकलम ४ प्रमाणे निबंधकाला, म्हणजे रजिस्ट्रीच्या प्रमुख अधिकाऱ्याला आहे. मूळ अर्जाची प्रत जोडून विनंती केली की काम होतं. चूक अर्जातच असेल तर ती आपली, आणि पुढची तपासणी करावीच लागते.

त्याच यादीत मुखत्यारपत्र असतं, म्हणजे एजंटला दिलेला टीएम-४८. त्यावर सही कुणी केली आणि कुठल्या नात्याने केली ते पाहून ठेवा. "संचालक, अमुक प्रायव्हेट लिमिटेडकरिता" अशी सही आणि अर्जात मात्र व्यक्तीचं नाव, असं निघालं तर अर्जाच्या दिवशी कंपनीलाच मालक करायचं होतं याचा त्या दिवसाचाच पुरावा मिळतो. असा कागद नंतर तयार करता येत नाही, म्हणून त्याची प्रत लगेच उतरवून ठेवा.

तपासणी २: पॅनचं चौथं अक्षर

ही माझी आवडती तपासणी. एका मिनिटात होते आणि बहुतेक वेळा इथेच उत्तर मिळतं.

पॅन क्रमांकाचं चौथं अक्षर धारक कोण आहे ते सांगतं. पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे फर्म, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, टी म्हणजे ट्रस्ट. जीएसटी क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. म्हणून जीएसटी क्रमांकाचं सहावं अक्षर पाहिलं की बिल कोण फाडतंय ते कळतं.

आता ब्रँडचं नाव छापलेलं एक बिल घ्या आणि सर्टिफिकेटशेजारी ठेवा. सर्टिफिकेटवर व्यक्ती आणि बिलावर सहावं अक्षर पी असेल, पॅनही त्याच व्यक्तीचा असेल, तर माणूस एकच आहे, फक्त दुकानाचं नाव वेगळं. प्रोप्रायटरशिप म्हणजे कायद्याच्या नजरेत तो माणूसच. नोंदवहीत "अमुक व्यक्ती, तमुक या नावाने व्यवसाय करणारे" अशी दुरुस्ती झाली की विषय संपतो. पण सर्टिफिकेटवर व्यक्ती आणि बिलावर सी किंवा एफ असेल, तर ते दोन वेगळे मालक आहेत. ती व्यक्ती कंपनीची एकटीच सर्वेसर्वा असली तरी वेगळेच. "कंपनी म्हणजे मीच ना?" हे मला जवळजवळ दर वेळी ऐकायला मिळतं. उत्तर नाही असंच आहे.

भागीदारीत आणखी एक खाच आहे. भागीदारी फर्म कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते, त्यामुळे अर्जात सगळ्या भागीदारांची नावं आणि खाली फर्मचं नाव अशी मांडणी लागते. नुसतं फर्मचं नाव किंवा एकाच भागीदाराचं नाव आलं असेल तर ते टिपून ठेवा. एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, मात्र स्वतंत्र व्यक्ती आहे, तिथे भागीदारांची यादी लागत नाही.

तपासणी ३: तारखा एका रेषेत लावा

चार तारखा काढा: मार्क पहिल्यांदा वापरल्याची अर्जात लिहिलेली तारीख, अर्जाची तारीख, सध्याच्या व्यवसायाच्या स्थापनेची तारीख आणि नोंदणीची तारीख.

कंपनी असेल तर लेटरहेडवरचा २१ अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक पाहा. त्यात राज्याच्या दोन अक्षरांनंतर येणारे चार आकडे म्हणजे कंपनीच्या नोंदणीचं वर्ष. तिथे २०१६ असेल आणि अर्जात "२००८ पासून वापर" असं असेल, तर २००८ ते २०१६ हा मार्क कोण वापरत होतं, याचं उत्तर अर्जात असायला हवं. आधीच्या मालकाचा, म्हणजे पूर्वाधिकाऱ्याचा उल्लेख आणि त्याच्याकडून कंपनीकडे मार्क कसा आला याचा कागद हवा. नसेल तर मालकीच्या साखळीतली एक कडी गायब आहे. समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

या तपासणीचं खरं महत्त्व अर्जाच्या तारखेत आहे. कलम १८ प्रमाणे जो स्वतःला मार्काचा मालक म्हणवतो त्यानेच अर्ज करायचा असतो. त्या दिवशी मालक कोण होता, हा प्रश्न सुटला की दुसरा आणि तिसरा बिघाड वेगळे होतात. अर्जानंतर मालकी बदलली असेल तर दुसरा. अर्जाच्या आधीपासूनच दुसऱ्याची असेल तर तिसरा.

जुनी बिलं चाळताना एक काळजी घ्या. जीएसटी १ जुलै २०१७ला आला, लघुउद्योगांची उद्यम नोंदणी १ जुलै २०२०ला सुरू झाली. २०१५ची तारीख असलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला दिसला तर ते बिल नंतर बनवलं आहे हे कुणीही ओळखतं. असं एक बिल बाकीच्या पन्नास खऱ्या बिलांवरचा विश्वास घालवतं. मी असे कागद जोडत नाही, तुम्हीही जोडू नका.

तपासणी ४: कपाटातले कागद

भागीदारी करारनामा, त्यातले नंतरचे बदल, कंपनी स्थापन होताना व्यवसाय विकत घेतल्याचा करार, संचालक मंडळाचे ठराव, मृत्युपत्र, कौटुंबिक वाटणीपत्र हे सगळं काढा. कुठे "ट्रेडमार्क", "ब्रँड", "गुडविल" (म्हणजे व्यवसायाने कमावलेलं नाव) किंवा "व्यवसायाची सर्व मालमत्ता" असे शब्द आहेत का ते पाहा. कित्येकदा वीस वर्षांपूर्वीच्या करारात एका ओळीत मार्क दिलेला असतो आणि ती ओळ कुणी वाचलेलीच नसते. कायद्याच्या व्याख्येत असाइनमेंट, म्हणजे मार्काची मालकी दुसऱ्याला देणं, लेखीच असते. तोंडी देणं-घेणं चालत नाही, म्हणून ती एक ओळ लाखमोलाची ठरते.

इथपर्यंत खर्च शून्य. आता दुरुस्त्या.

नावच चुकलं असेल तर

अर्जदारानेच स्पेलिंग चुकवलं, पत्ता चुकला, "प्रायव्हेट" हा शब्द राहिला, पण माणूस किंवा कंपनी तीच आहे, तर कलम ५८खाली टीएम-पी, म्हणजे नोंदणीनंतरच्या बदलांचा फॉर्म, भरायचा. कंपनीने नाव बदललं, किंवा प्रायव्हेट लिमिटेडची पब्लिक लिमिटेड झाली, तरी कंपनी तीच राहते. कंपनी निबंधकाचं नवं प्रमाणपत्र जोडलं की पुरतं. हे काम शांतपणे वाचून कुणीही करू शकतं.

मात्र कलम ५८चा अर्ज नोंदवहीत मालक म्हणून ज्याचं नाव आहे त्यानेच करायचा असतो. आणि इथेच लोक सर्वांत मोठी चूक करतात. मालक बदललेला असतो, पण हस्तांतरणाचा खर्च आणि कटकट नको म्हणून "नावात बदल" या रकान्यात नव्या कंपनीचं नाव लिहून टाकतात. कधी कधी ते मंजूरही होतं. नोंदवहीत नवं नाव दिसतं, सगळे खूश होतात. पण खाली हस्तांतरणाचा कागदच नसतो. दावा दाखल झाला की दोन वेगळे पॅन आणि दोन वेगळ्या स्थापना-तारखा समोर येतात आणि नोंदच संशयात सापडते. आधी नुसती चुकलेली असलेली नोंद आता दिशाभूल करून मिळवलेली दिसू लागते. दुसऱ्या तपासणीत पॅन वेगळे निघाले असतील तर या रकान्याकडे वळूच नका.

मालक बदलला असेल तर

व्यक्तीकडून कंपनीकडे, एका कंपनीकडून दुसरीकडे, जुन्या फर्मकडून नव्याकडे मार्क गेला असेल तर असाइनमेंट डीड आणि कलम ४५खाली टीएम-पी. ऑनलाइन भरल्यास सरकारी शुल्क दर मार्काला ९,००० रुपये. दस्ताचं मुद्रांक शुल्क वेगळं. ते राज्याप्रमाणे बदलतं आणि ते चुकवलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून अडकतो, त्यामुळे तिथे काटकसर करू नका.

दस्त लिहिताना मी चार जागा नेहमी दोनदा वाचतो. एक, मार्क गुडविलसह दिला की गुडविलशिवाय. वापरात असलेला मार्क गुडविलशिवाय दिला तर कलम ४२ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत जाहिरातीबद्दल निबंधकाकडून निर्देश मागावे लागतात. हे न कळल्याने दस्त लुळा पडलेला मी पाहिला आहे. दोन, संलग्न मार्क. तुमच्याच दोन मिळत्याजुळत्या मार्कांची नोंद "असोसिएटेड" म्हणून झाली असेल तर कलम ४४ प्रमाणे ते सगळे एकत्रच द्यावे लागतात, एकटा देता येत नाही. नोंदवहीत तो शेरा दिसतो. तीन, मागच्या उल्लंघनांबद्दल दावा करण्याचा हक्क नव्या मालकाला दिला आहे का. चार, दोन्ही बाजूंना एकच माणूस सही करतो आहे का. संचालक स्वतःचा मार्क स्वतःच्याच कंपनीला देत असेल तर मंडळाचा ठराव हवा, त्यात त्याने आपला संबंध उघड केलेला हवा, आणि कंपनीकडून सही शक्यतो दुसऱ्या संचालकाची हवी.

दस्तावर आजचीच तारीख टाका. "२०१५ची टाकू या, तेव्हाच दिलं होतं ना" असं म्हणणारे भेटतात. स्टँप पेपर किंवा ई-चलन कधी घेतलं ते त्यावरच छापलेलं असतं. पूर्वी खरोखर हस्तांतरण झालं असेल तर आजच्या तारखेच्या दस्तात त्या जुन्या व्यवहाराचा उल्लेख करून त्याला पुष्टी देता येते. तो सरळ मार्ग आहे. नोंदवहीत खोटी नोंद करवणं हा कलम १०९ प्रमाणे गुन्हा आहे.

दस्त झाला की टीएम-पी लगेच भरा. तो दाखल होईपर्यंत, हस्तांतरणाची माहिती नसलेल्या आणि दरम्यान त्याच मार्कात हितसंबंध मिळवलेल्या तिसऱ्या माणसाविरुद्ध तुमचा दस्त निष्प्रभ असतो. दस्त कपाटात ठेवून दोन वर्षं घालवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

कायद्याने आपोआप होणारे बदलही याच वाटेने नोंदवायचे. भागीदारीची एलएलपी झाली की मालमत्ता एलएलपीकडे जाते, विलीनीकरणात न्यायाधिकरणाच्या आदेशाने जाते, मालक वारल्यावर वारसांकडे जाते. मालकी गेली तरी नोंदवही आपोआप बदलत नाही. आणि दोनच भागीदार असलेल्या फर्ममधला एक वारला तर फर्मच उरत नाही. अशा घरात दुःखाच्या दिवसांत हा विषय काढणं अवघड असतं हे मला माहीत आहे, पण नूतनीकरणाची तारीख तेवढी पाहून ठेवा. मुदत संपल्यावर सहा महिने जादा शुल्काने नूतनीकरण होतं, आणि त्यापुढे मुदतीपासून एक वर्षापर्यंत पुनर्स्थापना मागता येते. त्यानंतर वारसांनी नोंदवायला हातात काही उरत नाही.

सुरुवातीपासूनच चुकीचा मालक असेल तर

आता अवघड भाग. माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो, नावगाव सोडून.

तीन भाऊ, शेतीपंपाचे सुटे भाग बनवणारी भागीदारी, २००९ पासून. २०१८ला ट्रेडमार्कचा अर्ज थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावावर झाला. कारण विचारलं तर म्हणाले, व्यक्तीच्या नावाने फी निम्मी लागते असं सांगितलं होतं. ते खरंही आहे: ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. पण त्यांच्या फर्मकडे उद्योग आधार, म्हणजे तेव्हाची लघुउद्योगाची नोंद, होतं. फर्मच्या नावाने अर्ज केला असता तरी ४,५००च लागले असते. न वाचवलेल्या साडेचार हजारांसाठी हे सगळं घडलं होतं.

थोरल्याने एकट्याने कधी एक भागही विकला नव्हता. सगळी बिलं फर्मची, सगळी खोकी फर्मची. नकली माल करणाऱ्याला नोटीस गेली, तर त्याने उत्तरासोबत बाजारातून गोळा केलेली फर्मचीच बिलं जोडली आणि विचारलं, मार्क वापरतं कोण आणि मालक म्हणवतो कोण? धाकटा भाऊ माझ्यासमोर ते उत्तर हातात घेऊन बसला होता आणि एकच वाक्य परत परत म्हणत होता, "पण बिलं तर आमचीच आहेत."

इथे नुसतं असाइनमेंट करून का भागत नाही ते समजून घ्या. जो मुळात मालकच नव्हता तो देणार काय? थोरल्याने फर्मला मार्क लिहून दिला तरी, अर्जाच्या दिवशी त्याचा मालकीचा दावाच खोटा होता, म्हणून नोंद रद्द करा, असा कलम ५७खालचा अर्ज समोरचा करू शकतो. त्यात भर म्हणजे नोंदणीकृत मालकाने स्वतः मार्क वापरलेला नाही, आणि फर्मला वापरायची लेखी परवानगी दिल्याचा करारही नाही. दुसऱ्याचा वापर मालकाच्या खात्यात धरायचा तर तो लेखी कराराखाली हवा असतो. तो नसेल तर पाच वर्षं आणि तीन महिन्यांनी मार्क न वापरल्याचा मुद्दाही उभा राहतो.

त्या प्रकरणात वकिलांनी तीन गोष्टी एकदम केल्या. मार्क सुरुवातीपासून फर्मची मालमत्ता होता आणि थोरल्याचं नाव फर्मच्या वतीने लागलं होतं, हे तिन्ही भावांनी आजच्या तारखेच्या दस्तात मान्य करून हस्तांतरण केलं. तिन्ही भागीदारांच्या नावाने, २००९ पासूनच्या वापराच्या शपथपत्रासह, नवा अर्ज टाकला. आणि नकली मालवाल्याविरुद्ध नोंदणीवर विसंबून न राहता पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल आमचा म्हणून खपवल्याचा, दावा लावला, कारण तो हक्क प्रत्यक्ष वापरातून येतो आणि कलम २७ने तो अबाधित ठेवला आहे. जुनी नोंद घाईने सोडून दिली नाही, हेही महत्त्वाचं. आधी जुनी रद्द करून मग नवा अर्ज टाकला असता तर मधल्या काळात दुसरा कुणी घुसला असता.

या प्रकारात आणखी दोन वेगळ्या वाटा आहेत. कंपनी स्थापन व्हायच्या आधी, होणाऱ्या कंपनीसाठी म्हणून अर्ज केला असेल तर कलम ४६ त्याला परवानगी देतं. पण ठरलेल्या मुदतीत कंपनीचं नाव मालक म्हणून लागलं नाही तर नोंद निष्प्रभ होते. आणि तुमच्या एजंटाने किंवा वितरकाने तुमचा मार्क स्वतःच्या नावावर करून घेतला असेल तर कलम १४६ प्रमाणे ती नोंद रद्द करून घेता येते किंवा आपल्या नावावर आणता येते. फक्त त्याचं कृत्य कळल्यापासून तीन वर्षांत. ज्या दिवशी कळलं त्या दिवसाचा ईमेल किंवा पत्र जपून ठेवा, कारण ती तीन वर्षं तिथून मोजली जातात.

तोपर्यंत काय करायचं

दुरुस्ती मंजूर व्हायला वेळ लागतो. दरम्यान नोंदवहीतला मालक आणि प्रत्यक्ष वापरणारा यांच्यात निदान एक लेखी परवाना करार करून घ्या, आजच्या तारखेचा. चुकीच्या मालकाच्या नावाने नवी नोटीस पाठवू नका, कारण नोटिशीत लिहिलेलं प्रत्येक विधान नंतर तुमच्याच समोर ठेवलं जातं. माद्रिदखालची आंतरराष्ट्रीय नोंद असेल तर ती इथल्या दुरुस्तीने बदलत नाही. तिथे मालक बदलल्यास एमएम५ आणि नुसतं नाव-पत्ता बदलल्यास एमएम९ वेगळा भरावा लागतो.

इथे थांबा आणि वकिलाकडे जा

स्पेलिंग, पत्ता, कंपनीचं बदललेलं नाव हे स्वतः करा. सगळे एकमताचे असतील आणि मालकी अर्जानंतरच बदलली असेल तर दस्त वकिलाकडून लिहून घ्या, फॉर्म अनुभवी एजंटाकडून भरून घ्या.

पण खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर स्वतः एकही फॉर्म भरू नका: तिसऱ्या तपासणीत अर्जाच्या दिवशीचा मालक दुसराच निघाला, भागीदारांत किंवा वारसांत वाद आहे, नोंदवहीतला माणूस सही द्यायला तयार नाही किंवा सापडत नाही, कुठेही दावा, नोटीस किंवा रद्द करण्याचा अर्ज चालू आहे, किंवा पूर्वी कुणी "नावात बदल" दाखवून मालकच बदलून ठेवला आहे. हस्तांतरणाच्या वैधतेवर वाद असेल तर न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत निबंधक नोंद नाकारू शकतो. उल्लंघनाचा दावा चालू असताना त्यातल्या पक्षाने नोंदणीच्या वैधतेला आव्हान द्यायचं झालं तर ते उच्च न्यायालयातच द्यावं लागतं. अशा वेळी घाईने भरलेला टीएम-पी हा तुमचा कबुलीजबाब ठरू शकतो. तो मागे घेतला तरी संकेतस्थळावरच्या कागदांच्या यादीत तसाच दिसत राहतो.

वकिलाकडे जाताना सोबत न्यायचं: पहिल्या तपासणीतली तीन नावांची चिठ्ठी, मूळ अर्ज आणि मुखत्यारपत्राची प्रत, सर्वांत जुनं खरं बिल, व्यवसायाच्या स्थापनेचा कागद, आणि नूतनीकरणाची तारीख कागदाच्या वरच मोठ्या अक्षरांत लिहिलेली.